बारा महिने आणि एक दिवस

‘माझं चुकलं’ या दोन शब्दांचं इंग्रजी करताना मी कधी अडखळले नव्हते. कदाचित म्हणूनच त्या दुपारी घात झाला.

मी न्यू जर्सीत राहते आणि कोर्टात दुभाष्याचं काम करते. हिंदीसाठी बऱ्यापैकी बोलावणी येतात, मराठीसाठी क्वचित, आणि फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टातून तर त्याहून क्वचित. घरभाड्याची भांडणं, काडीमोड, मारामाऱ्या हे सगळं इथं राज्याच्या कोर्टात चालतं. केंद्राचा कर बुडवला, बँकेला फसवलं की प्रकरण फेडरल कोर्टात जातं. या कोर्टांची दुभाष्यांसाठीची प्रमाणपत्र परीक्षा सध्या फक्त स्पॅनिशची आहे. मराठीचा माणूस लागला की आमची पात्रता तपासून आम्हाला बोलावतात. खटल्यातल्या माणसांची ओळख पटेल असं काही मी इथं लिहिणार नाही. जे घडलं ते उघड कोर्टात घडलं, तेवढंच सांगते.

मेट्रोपार्कहून गाडी पकडून नेवार्कला लवकरच पोचले. सुनावणी दुपारी दोनला होती. सकाळी त्याच जज्जसाहेबांच्या कोर्टात नव्या नागरिकांचा शपथविधी होता, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसले. मीही कधीतरी असाच उजवा हात वर करून उभी होते, त्यामुळे असा कार्यक्रम दिसला की माझा पाय निघत नाही. शपथ झाल्यावर साहेब काळा झगा सावरत खाली उतरले आणि एकेकाशी हात मिळवत गेले. प्रत्येकाला नावाचा उच्चार विचारायचे, स्वतः म्हणून बघायचे, चुकला तर पुन्हा म्हणायचे. एका आजीबाईंचं नाव त्यांनी तीनदा म्हटलं. शेवटी आजीबाईंनी मान डोलावली तेव्हा कुठे ते पुढच्या माणसाकडे वळले.

साहेब सत्तरी ओलांडलेले. उमेदीत सरकारी वकील, मग खासगी वकिली, मग राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवलं, सिनेटनं मंजूर केलं, आणि तेव्हापासून ते या खुर्चीत आहेत. ही नेमणूक तहहयात असते. आपल्याकडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती 62 व्या वर्षी निवृत्त होतात. इथं निवृत्तीचं वयच नाही. पासष्टी झाली आणि 15 वर्षं सेवा भरली की पगार चालू ठेवून काम कमी करण्याची मुभा मिळते, पण बरेच जण येतच राहतात. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना केनेडींनी 1962 साली नेमलं होतं. 2012 मध्ये वयाच्या 104 व्या वर्षी ते गेले, तोवर ते न्यायाधीशच होते. आमचे साहेबही आता ‘सीनियर’ आहेत. त्यांना येण्याची सक्ती नाही, तरी येतात.

दोन वाजता मात्र त्याच खुर्चीत निराळेच गृहस्थ बसल्यासारखे वाटले. सकाळचं हसू पार गेलं होतं.

आरोपी साठीचे, आपल्याच बाजूचे, एका छोट्या धंद्याचे मालक. इथं मालकानं नोकराच्या पगारातून आयकर आणि सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचा वाटा कापून घ्यायचा आणि सरकारात भरायचा असतो. हा वाटाच पगाराच्या 7.65 टक्के असतो, आयकर वेगळा. यांनी कापला खरा, पण भरला नाही. अकरा तिमाह्या. रक्कम दीड लाख डॉलरच्या पुढे गेलेली. गुन्हा त्यांनी काही महिन्यांपूर्वीच कबूल केला होता. आज फक्त शिक्षा सांगायची होती. दाराबाहेर त्यांनी मला हळूच विचारलं, “ताई, आत काय बोलू?” मला ते सांगता येत नाही. तसं त्यांना म्हटलं आणि वकिलांना बोलावून आणलं.

शिक्षेचा एक तक्ता असतो: एका बाजूला गुन्ह्याच्या 43 पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पूर्वइतिहासाचे सहा रकाने. 2005 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हा तक्ता बंधनकारक नाही, नुसता सल्ला आहे. पण सुरुवात तिथूनच होते. आरोपीनं जबाबदारी मनापासून स्वीकारली असेल तर पायऱ्या कमी होतात. या प्रकरणात सोळावरून तेरावर. म्हणजे 21 ते 27 महिन्यांऐवजी 12 ते 18.

वकिलांचं बोलणं मी इअरफोनमधून आरोपींच्या कानात सांगत होते. मग साहेब थेट त्यांच्याकडे वळले. शिक्षा सांगण्याआधी न्यायाधीशानं आरोपीला जातीनं विचारायचं असतं की तुला काही बोलायचं आहे का. ते उभे राहिले. हातातला कागद थरथरत होता. तो त्यांनी दुमडून खिशात ठेवला.

“साहेब, माझं चुकलं.”

आणि मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, “आय मेड अ मिस्टेक.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मिस्टेक? मिस्टेक म्हणजे चुकीच्या रकान्यात आकडा लिहिणं. हे अकरा वेळा झालं आहे.” सरकारी वकील मान वर करून बघू लागले. हे सगळं मला आरोपींना मराठीत सांगायचं होतं, ते सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही कळल्याचं दिसेना. आपण तर चूक कबूल केली, मग साहेब का रागावले? मागच्या बाकावरून त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा, हुंदका ऐकू आला.

चूक त्यांची नव्हती, माझी होती. ‘माझं चुकलं’ म्हणताना आपण डोकं टेकवतो. ‘मिस्टेक’ म्हणताना इथली माणसं खांदे उडवतात, या कोर्टात तर रोज. आपली भाषा अशी की कर चुकवला हेही ‘चुकणे’मधूनच येतं, बेरीज चुकली हेही, आणि पाया पडून म्हटलेलं ‘चुकलं’ही. मी त्यातला सगळ्यात हलका अर्थ उचलला होता.

दुभाष्याला स्वतःची चूक कळली तर ती तिथल्या तिथे नोंदीत दुरुस्त करावी लागते. स्वतःबद्दल ‘मी’ म्हणता येत नाही, कारण कोर्टात माझ्या तोंडचा ‘मी’ आरोपीचा असतो. घसा कोरडा पडला होता. म्हणाले, “युअर ऑनर, दुभाषी नोंद दुरुस्त करण्याची परवानगी मागते. ‘आय डिड राँग’ हे मूळ शब्दांच्या जास्त जवळ आहे.”

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे?”

“हो, युअर ऑनर.”

“मग त्यांना सांगा, तो शब्द न वापरता काय केलं ते सांगा.”

मी सांगितलं. कोर्टात घड्याळ ऐकू यावं इतकी शांतता. आरोपी म्हणाले, “मी लोकांच्या पगारातून पैसे कापले आणि भरले नाहीत. ते पैसे माझे नव्हते. मला ते माहीत होतं.” थोडं थांबून, “दर तीन महिन्यांनी माहीत होतं.”

या चार वाक्यांचं इंग्रजी मी जपून, एकेक शब्द चाचपत केलं. साहेबांनी पेन उचललं.

मग त्यांनी शिक्षा सांगितली: बारा महिने आणि एक दिवस, शिवाय बुडवलेली सगळी रक्कम भरायची. आरोपींनी मान माझ्याकडे वळवली आणि कळवळून विचारलं, “वर्ष ठीक आहे, पण हा वरचा एक दिवस कशाला? एवढा राग?” उत्तर मला ठाऊक होतं, पण ते देण्याचा अधिकार मला नव्हता. मी तो प्रश्न जसाच्या तसा त्यांच्या वकिलांच्या कानात सांगितला. वकील हलकेच हसले आणि हातानं ‘बाहेर बोलू’ अशी खूण केली.

व्हरांड्यात वहिनी डोळे पुसत उभ्या होत्या. वकील बोलत गेले आणि मी सांगत गेले. फेडरल तुरुंगात पॅरोल, म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधीची सशर्त सुटका, नाही; तो 1984 च्या कायद्यानं मोडीत निघाला. चांगल्या वागणुकीची सूट आहे, वर्षाला जास्तीत जास्त 54 दिवस. पण ती वर्षाहून मोठ्या शिक्षेलाच मिळते. बरोबर बारा महिने दिले असते तर एक दिवसही सुटला नसता.

“म्हणजे साहेबांनी तो दिवस मुद्दाम…?” वहिनींनी विचारलं.

मी ते इंग्रजीत सांगितलं. वकिलांनी मान डोलावली.

वहिनी बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या, मध्येच थांबल्या. “किती म्हणालात, ताई?”

“चोपन्न,” मी म्हटलं. “चोपन्न दिवस.”