खंबाटकीच्या चढावर भरलेली बाटली

खंबाटकीला माझ्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले, तेव्हा सायकलवरची पाण्याची बाटली जवळजवळ भरलेली होती.

पहाटे ५ ला आम्ही अकराजण स्वारगेटहून निघालो होतो. कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूर, कापूरहोळ, मग नीरा ओलांडून शिरवळ. तिथे मिसळ खाल्ली, सगळ्यांनी बाटल्या भरून घेतल्या. माझी रिकामीच झाली नव्हती. खंडाळा सोडलं, घाट लागला, शेजारून ट्रक घुरघुरत वर चढत होते, आणि पाय दगड झाले. सायकल कशीबशी कडेला घेतली.

आमच्या क्लबात एकजण कायम सगळ्यांच्या मागे असतो. कितीही हळू जा, त्याच्या मागे कुणी राहत नाही. त्या दिवशी ते काम एका काकांकडे होतं. त्यांनी मला कठड्याशी बसवलं, बुटाचा पुढचा भाग माझ्याकडे दाबून पोटरी ताणली, आणि मग बाटली उचलून पाहिली.

"ताई, पहाटेपासून किती पाणी प्यायलात?"

मला उत्तर देता आलं नाही. चुकून विसरले असते तर सांगितलं असतं.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, डायलिसिसवर तीन वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पहिली पाळी, दर वेळी चार तास. सोमवारी वहिनी जाते. बुधवार-शुक्रवार मी, कारण ग्रंथालयातली माझी नोकरी दुपारची आहे. डॉक्टरांनी त्याला दिवसाला एक लिटर ठरवून दिलंय. त्यात चहा आला, ताक आलं, आमटीसुद्धा आली. उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा तोंडात धरून दुपार काढतो. अशा घरात समोर बसून कुणी घटाघटा पाणी पीत नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण हळूहळू आम्ही सगळेच स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याकडे तोंड करून प्यायला लागलो. मग कमीच प्यायला लागलो. ती सवय माझ्याबरोबर खंबाटकीपर्यंत आली होती.

आणि सायकलवाल्यांचं खाणं म्हणजे काय? केळं, शहाळं, संत्रं. दादाच्या आहारतज्ज्ञांनी दिलेल्या कागदावर 'टाळा' या शब्दाखाली पहिली नावं हीच आहेत, पोटॅशियममुळे. ऑगस्टमध्ये बोपदेव घाट पहिल्यांदा न उतरता चढले, तेव्हा माथ्यावर कुणीतरी माझ्या हातात केळं ठेवलं. ते सोलताना मला अपराधी वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

त्या दिवशी घाटापलीकडच्या वेळे गावात उतरून सायकल टेम्पोत टाकली आणि घरी आले. दादा पेपर वाचत बसला होता. मी नुसतं "पोटऱ्या धरल्या" म्हटलं, तसा त्याने पेपर खाली ठेवला. मशीनवर पाणी जास्त किंवा भराभर काढलं गेलं की त्याच्याही पोटऱ्यांत असेच गोळे येतात. तेव्हा मी त्याचे तळवे दाबून धरते. म्हणजे खंबाटकीला काकांनी जे केलं, तेच.

"काट्यावर उभी राहा," तो म्हणाला.

दादा रोज सकाळी स्वतःचं वजन करून वहीत लिहितो. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे मुख्यतः अंगात साठलेलं पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हा हिशोब त्याच्याइतका पक्का मला माहीत असलेल्या कुणाचाच नाही. मी आदल्या रात्री सहज वजन केलं होतं, ६२.४. आता काटा ६०.२ दाखवत होता. "सव्वादोन लिटरच्या आसपास घामात गेलं तुझं," तो म्हणाला. "माझं काढायला मशीन लागतं. तू ते रस्त्यावर सांडून आलीस आणि परत भरलंच नाहीस."

मग मी त्याला ओट्याकडे तोंड करून पिण्याचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. "मला माहीत आहे," एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने आत गेला, तांब्या भरून आणला आणि माझ्या समोर बसला. मी प्यायले. त्याने पाहिलं.

पुढच्या शनिवारपासून माझ्या बाटल्या तो भरतो. पाऊण लिटरच्या बाटलीवर त्याने चिकटपट्टीच्या तीन रेघा मारल्यात, दर वीस मिनिटांना एक. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस, कारण नुसतंच पाणी ढोसत राहणंही बरं नाही, घामातून मीठही जातं. दिवेघाट, सिंहगड, पुन्हा बोपदेव. प्रत्येक राइडच्या आधी काटा, नंतर काटा. डिसेंबरात दोन दिवस लागोपाठ चालवायचा सराव होता, साताऱ्याला मुक्काम करून परत. दोन्ही दिवशी शंभराच्या वर किलोमीटर. जाताना खंबाटकी चढले, पायही न टेकवता. माथ्यावर मागून काका आले, आधी बाटलीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

जानेवारीत आम्ही पुण्याहून गोव्याला निघतोय. सातारा, कोल्हापूर, आंबोली, पणजी, चार दिवसांत साधारण साडेचारशे किलोमीटर. ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे एक रुपया मागतोय. पैसे जाणार आहेत डायलिसिसला येणाऱ्यांच्या प्रवासखर्चासाठी. सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली गरीब रुग्णांचं डायलिसिस मोफत होतं, हे मोठं काम आहे. पण गावाहून एसटीने यायचं, सोबत एक माणूस, त्याचाही रोज बुडतो, आणि हे आठवड्यातून तीनदा, वर्षभर. भाड्याला पैसे नाहीत म्हणून पाळी चुकवणारी माणसं मी दादाच्या शेजारच्या खुर्च्यांवर पाहिली आहेत. पुढच्या वेळी ती सुजलेल्या पायांनी, धापा टाकत येतात. माझे साडेचारशे रुपये तुमच्याकडून यावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे स्पष्ट मागते आहे.

दादाच्या वहीत आता दोन रकाने आहेत. साताऱ्याहून परतले त्या रविवारी त्याने माझ्या रकान्यात लिहिलं: ६२.३, खाली ६१.७. शेजारी त्याचं स्वतःचं: शुक्रवारपासून १.४ वाढ. दोन्ही आकड्यांखाली त्याने रेघ मारली.

काल त्याने काकांना फोन केला. गोव्याच्या वाटेवर वजनकाटा कुठे मिळेल, असं विचारत होता. काका म्हणाले, आजऱ्याच्या बाजारात धान्याच्या दुकानात विचारू.