पाटणादेवीहून पितळखोरे: सांगितले दीड तास, लागले साडेतीन

"दीड तास, सरळ वाट आहे." चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या पायथ्यापासून वर पितळखोऱ्याच्या बौद्ध लेण्यांबद्दल आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी हेच सांगितलं. चढायला साडेतीन तास लागले, उतरायला पावणेतीन. मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही वर्षभर गडकिल्ले फिरणारे. पायात चांगले बूट, पाठीवर माणशी तीन लिटर पाणी. तरी ही अवस्था झाली. सकाळी आठच्या आत पाटणादेवीला पोचत नसाल तर खालून लेण्यांचा नाद सोडा.

आदला दिवस चाळीसगावात सोपा गेला. छायाचित्रकार केकी मूस यांचं घर स्टेशनपासून चालत गाठता येतं. उघडं आहे का याची आधी चौकशी करून जा. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, इंग्लंडात कला शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावात परतला आणि पुढची जवळपास ५० वर्षं घराबाहेर फारसा पडलाच नाही. ३१ डिसेंबर १९८९ रोजी ते याच गावात गेले. प्रेयसी पंजाब मेलने येणार म्हणून ते रोज त्या गाडीची वाट बघत, ही गोष्ट गावात कुणीही सांगतं. मी मात्र अडकलो त्यांच्या टेबल-टॉप फोटोंपुढे. खोलीतल्या टेबलावर काटक्या, कापूस असल्या सामानातून उभं केलेलं दृश्य, आणि फोटोत बघावं तर कुठल्या तरी थंड मुलखातली संध्याकाळ. दोन तास काढा, अर्ध्या तासात उरकू नका. रात्री शेवभाजी खाल्ली आणि लवकर झोपलो.

आता रिक्षा. चाळीसगाव ते पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. जाऊन-येऊन, दिवसभर थांबण्यासकट ९०० रुपये ठरले. संध्याकाळी आम्ही पाय ओढत परतलो तेव्हा मागणी १६०० ची. कारण काय, तर "उशीर झाला". अंधार पडायची वेळ जवळ येत होती, दुसरं वाहन नव्हतं. १४०० देऊन सुटलो. ठरवतानाच परतीची वेळ आणि थांबण्याचे पैसे मोबाइलवर लिहून दोघांनी बघून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःची मोटारसायकल न्या. मला अजून त्या ५०० रुपयांचा राग आहे.

देवळात देवीचं दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नका. इथला शिलालेख बघण्यासाठी मी खरं तर आलो होतो. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि यादवांचं मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव व हेमाडिदेव या भावांनी त्याला दानं दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचा अमुक वाटा मठाला, आणि जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात गावातल्या तेल्यांचं तेल जळत असणार. मी त्या दगडापुढे बराच वेळ उभा होतो आणि पुढे तोच वेळ महागात पडला.

कारण नाळ, म्हणजे डोंगरातून वर चढणारी अरुंद घळ. सुरुवातीचा तासभर जंगलातली वाट खरंच सरळ आहे. हा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे, बिबट्याचा वावर आहे, तेव्हा वनखात्याच्या चौकीवर नोंद करूनच आत शिरा. एक गुराखी भेटला. "कथा चालनात भाऊ?" म्हणाला, म्हणजे अहिराणीत "कुठे चाललात?" लेण्यांचं नाव काढल्यावर त्याने आधी उन्हाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तेव्हाच समजायला हवं होतं. पुढे वाट नाल्यात उतरते आणि संपते. मोठमोठे धोंडे, त्यांवर नोव्हेंबरातही ओलं शेवाळ. त्यानंतर डावीकडे चढणारा घसारा. एक पाऊल टाकावं आणि अर्धं पाऊल खाली यावं. वाळलेलं गवत हाताला धरलं की मुळासकट उपटून येतं. एवढ्याच टप्प्याने आमचा सव्वा तास खाल्ला. भावाचा घोटा मुरगळला, माझ्या दोन्ही तळहातांची सालं निघाली. दोनदा चुकीच्या ओढ्यात शिरून परत फिरलो. पावसाळ्यात या नाळेत पाऊलसुद्धा टाकू नका. लहान मुलं बरोबर असतील तर कोणत्याच ऋतूत नको. वाटाड्या पायथ्याच्या गावातलाच घ्या, आणि गेल्या महिन्याभरात वर जाऊन आलास का, हे त्याला विचारा.

वर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मग समोर ती दगडात कोरलेली हत्तींची रांग दिसली आणि मी बसकण मारली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेलं काम. दगड ठिसूळ, दर्शनी भाग बराचसा कोसळलेला, तरी दारावरचे द्वारपाल असे उभे आहेत की आत जाताना आपण कपडे नीट करतो. पाच फण्यांचा नाग बघायला विसरू नका. वरून येणारं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडावं अशी योजना दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केली होती. चैत्यगृहातल्या, म्हणजे प्रार्थनेच्या दालनातल्या, अष्टकोनी खांबांवर नंतरच्या काळातली बुद्धाची चित्रं आहेत, रंग अजून टिकून आहेत. त्यांना हात लावू नका आणि फ्लॅश मारू नका. आमच्यासमोर वरच्या रस्त्याने आलेला एक घोळका दोन्ही करत होता. मी बोललो, त्यांना आवडलं नाही.

एका खांबावर पैठणच्या मितदेवाचं नाव आहे. गंधिक कुळातला, म्हणजे अत्तरं विकणाऱ्यांपैकी. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिच्यासाठी चढत असाल तर चढू नका. त्या यक्षाच्या तळहातावर कोरलंय की हे काम कण्हदास या सोनाराने केलं. दागिने घडवणारा माणूस दगडाकडे वळला आणि आपलं नाव मूर्तीच्या हातावर ठेवून गेला.

मला सगळ्यात जास्त बघायचा होता तो विहारातला, म्हणजे भिक्षूंच्या निवासातला, मगिल या राजवैद्याचा लेख. त्याच्या मुलीचं, दत्ताचं, नावही तिथल्या दानलेखांत आहे. तो लेख बघायचा राहिला. उजेडात उतरायचं तर दोनच्या आत निघणं भाग होतं. जेमतेम पन्नास मिनिटं मिळाली, त्यातली दहा भावाचा घोटा बांधण्यात गेली. टॉर्च तर खाली रिक्षातच विसरली होती.

म्हणून माझं स्पष्ट मत: लेणी नीट बघायची असतील तर कन्नडच्या बाजूने वरपर्यंत गाडीने जा आणि पायऱ्या उतरून लेण्यांत या. खान्देशातून निघून लेण्यांसाठी वरच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात जायला कमीपणा वाटून घेऊ नका, डोंगर एकच आहे. वाटेतल्या कन्नड घाटात वाहनं तुंबतात, त्यासाठी तासभर हाताशी ठेवा. पाटणादेवीला वेगळा दिवस द्या, शिलालेख आणि पायथ्याचं महादेवाचं जुनं देऊळ एवढ्यातच तो भरतो. नाळ चढायचीच असेल तर फक्त नाळेसाठी चढा.

आम्ही जानेवारीत वरच्या रस्त्याने पुन्हा जाणार आहोत. चांगली टॉर्च घ्या आणि भिंतीवर तिरकी धरा. समोरून उजेड पाडला तर दगड नुसता पांढरा दिसतो. बाजूने धरला की अक्षरांच्या कडांना सावली येते, आणि मग एकेक नाव वाचता येतं.