टेबल सॉ घेताय? आधी फेन्स हलवून बघा

हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात, घरी थोडंफार सुतारकाम सुरू केलंय, आता टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून गोल ब्लेड वर येतं ते लाकूड कापायचं मशीन) घ्यायचाय, पन्नास हजाराच्या आत कुठला घेऊ? आणि लगेच पुढचा प्रश्न ठरलेला, मोटर किती वॉटची हवी. एकदाच सविस्तर लिहून टाकतो, कारण माझं ठाम मत आहे की या बजेटमध्ये मोटरची काळजी सगळ्यात शेवटी करायची. 10 इंची ब्लेडचे जे पोर्टेबल सॉ आपल्याकडे मिळतात ते साधारण 1800-2000 वॉटचे असतात, आणि घरी आपण कापणार काय तर 18 मिमी प्लाय, पाइनच्या पट्ट्या, फार तर दीड इंच जाडीचं सागवान. ब्लेडला धार असली की तेवढ्याला ही पॉवर आरामात पुरते. फक्त 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर चालवू नका, 1800 वॉट म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ 8 अँपिअर होतात, गीझरला असतो तसा 16 अँपिअरचा पॉइंट काढून घ्या.

खरं बघायचं ते फेन्सकडे, म्हणजे ब्लेडला समांतर लावायच्या त्या सरळ पट्टीकडे, जिला टेकवून लाकूड पुढे ढकलायचं. स्वस्त मशीनची फेन्स बऱ्याचदा पुढच्याच बाजूला आवळली जाते, मागचं टोक नुसतं टेकलेलं असतं, आणि लीव्हर दाबला की ते टोक एखादा मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतं. वाटतं एक मिलिमीटरने काय बिघडतंय, पण इथेच सगळं आहे. ब्लेडचे पुढचे दात वरून खाली येतात, लाकडाला टेबलावर दाबतात. मागचे दात खालून वर येतात. फेन्सचं मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं असेल तर लाकूड मागे पोचेपर्यंत फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये चिमटतं, ते मागचे दात त्याला उचलतात आणि सरळ तुमच्या पोटाच्या दिशेने फेकतात. याला किकबॅक म्हणतात. 10 इंची ब्लेड मिनिटाला 4300 फेरे मारत असेल तर दाताचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो, त्या वेगाने सुटलेली पट्टी हाताने थोपवता येत नाही. म्हणून खराब फेन्स म्हणजे नुसता वाकडा काप नाही, ती इजा करणारी गोष्ट आहे.

त्यामुळे दुकानात मशीन डब्यातून काढायला लावाच. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात रविवार पेठेत मोठ्या दुकानात विचारलंत तर डेमो पीस दाखवतात, नाही दाखवला तर दुसरं दुकान. फेन्स आवळा आणि मागचं टोक अंगठ्याने जोरात ढकला. हललं की ते मशीन सोडून द्या, कितीही सूट देत असले तरी. मग प्लग काढलेला असताना ब्लेडच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणून माइटर स्लॉटपासून (टेबलावरची ब्लेडला समांतर खाच) अंतर मोजा, ब्लेड फिरवून तोच दात मागे न्या आणि परत मोजा. दोन्हीकडे एकच दात वापरायचा, नाहीतर दातांमधला बारीक फरक मोजमापात येतो. अंतर सारखं आलं की ब्लेड स्लॉटला समांतर. नाही आलं तर ते ॲडजस्ट करायची सोय या मशीनला आहे का हे विचारा, कारण काही स्वस्त मशीनमध्ये नसतेच. माझ्या मते डीवॉल्टच्या काही सॉना असते ती रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) फेन्स उत्तम, नॉब फिरवला की पुढची-मागची दोन्ही टोकं एकदम सरकतात. बॉशचा GTS 254 सुद्धा चांगला सॉ आहे, तिथे फेन्स लावताना दोन्ही टोकं टेपने तपासायची सवय ठेवा.

दुसरी गोष्ट रायव्हिंग नाइफ. ब्लेडच्या मागे उभी असलेली पातळ पोलादी पट्टी, जी ब्लेडबरोबर खाली-वर होते आणि कापलेली फट मिटू देत नाही. ती नसलेला सॉ घेऊ नका, यावर मी वादच घालत नाही. तिच्यावर जाडी छापलेली असते. ब्लेडच्या पत्र्यापेक्षा ती जाड हवी आणि दातांनी पडणाऱ्या फटीपेक्षा पातळ. पुढे नवीन ब्लेड घेताना हा आकडा लिहून घेऊन जा, कारण हौसेने अगदी पातळ ब्लेड आणलं तर लाकूड नाइफवरच अडकून बसतं. भोकाचा व्यासही बघा, आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला 30 मिमी लागतं आणि बाजारात 25.4 मिमीचीही भरपूर ब्लेडं असतात.

ब्लेडवर मात्र हात आखडता घेऊ नका. मशीनबरोबर येतं त्याने काम चालतं, पण प्लायची कड फुटू नये असं वाटत असेल तर 60 दातांचं चांगलं कार्बाइड टिपचं ब्लेड घ्या आणि उभ्या कापासाठी (लाकडाच्या रेषांच्या दिशेने) 24 दातांचं वेगळं ठेवा. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते, त्यामुळे धार लावून देणारा माणूस जवळपास कोण आहे हे आधीच शोधून ठेवलेलं बरं.

आता ते मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटं बसवून केलेलं मशीन. आपल्याकडे कुठल्याही इंटिरियरच्या साइटवर दिसतं, मिस्त्री लोक त्यावर इतकं सफाईने काम करतात की बघत राहावं, आणि त्यांच्याकडे पर्यायही नसतो कारण रोज नवी साइट. पण त्याला ना गार्ड (ब्लेडवरचं झाकण), ना नाइफ, स्विच टेपने चालू अवस्थेत बांधलेला. आपण शनिवार-रविवारी हौस म्हणून करणारी माणसं, आपल्याला कुठलीही घाई नाही, पैसे वाचवायला हे घरी करू नका, मनापासून सांगतो. कुणाचं बोट गेलेलं ऐकलं की फार वाईट वाटतं. त्वचा लागताच 5 मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवणारं सॉस्टॉप नावाचं तंत्र आहे, पण ते या बजेटच्या फार पलीकडे, त्यामुळे आपल्याकडे उरतात गार्ड, नाइफ आणि पुश स्टिक (हात ब्लेडपासून लांब ठेवून लाकूड ढकलायची काठी).

एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी स्वतःला विचारा, तुम्ही मुख्यतः कापणार काय? 8 बाय 4 ची 18 मिमी प्लायची अख्खी शीट तीस-पस्तीस किलोची असते, ती या छोट्या टेबलावर एकट्याने ढकलणं धोक्याचं आहे. वॉर्डरोब, किचन ट्रॉली असलं काम असेल तर चांगला सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायची गोल ब्लेडची करवत) आणि एक सरळ ॲल्युमिनियम पट्टी, एवढ्यात भागतं, नाहीतर टिंबर मार्केटमधूनच पॅनल कापून आणा. टेबल सॉ खरा कामाला येतो तो एकसारख्या पट्ट्या काढायला, चौकटी, ड्रॉवर, छोटे बॉक्स करायला.

आणि जागा. या पोर्टेबल सॉना युनिव्हर्सल मोटर असते, आवाज कर्कश, फ्लॅटच्या बाल्कनीत दुपारी दोनला लावलात तर सोसायटीचा फोन येणारच. पार्किंग किंवा अंगण असेल तर ठीक. कानाला मफ, तोंडाला एन95, कारण लाकडाचा बारीक भुसा फुफ्फुसाला वाईट आणि कठीण लाकडाचा तर कॅन्सरकारक म्हणून नोंदलेला आहे. भुसा बाहेर टाकणाऱ्या मागच्या पाइपला व्हॅक्यूम जोडता येतो का, पाइपचा व्यास किती, हेही त्याच दुकानात, त्याच वेळी बघून घ्या.