नगरसेविका काही करतात का?

बरीच वर्षं मी एका नगरपंचायतीत सभेचं काम बघितलं. विषयपत्रिका काढायची, सभा झाली की इतिवृत्त लिहायचं. त्यामुळे लग्नाकार्यात कुणीतरी गाठतंच: "मॅडम, खरं सांगा, नगरसेविका काही करतात का, की सगळं नवरेच बघतात?"

बघतात ना, नाही कशाला म्हणू? सभा आत चालायची आणि साहेब मंडळी, म्हणजे बाईंचे नवरे, बाहेर व्हरांड्यात. लेटरपॅडवर नाव बाईंचं, मोबाईल नंबर साहेबांचा. विषयपत्रिकेचं पाकीटसुद्धा तेच फोडायचे.

पण इतिवृत्त लिहिणाऱ्याला पुढचंही दिसतं. सुरुवातीला बाईंचं नाव ठरावाखाली यायचं ते अनुमोदक म्हणून, म्हणजे नुसता दुजोरा द्यायला; ठराव मांडणारा सूचक कुणीतरी पुरुष. दोन-तीन वर्षांत त्याच बाई विषयपत्रिकेत नसलेल्या, आयत्या वेळच्या विषयावर अडून बसायच्या, "आधी अंदाजपत्रक दाखवा." एकींनी आठवडी बाजारातल्या महिला स्वच्छतागृहाचं बिलच अडवलं. कागदावर काम पूर्ण. या स्वतः आत जाऊन आल्या होत्या. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. काम बघून आलेल्या पुरुष सदस्यांनी बाहेरूनच रंग बघितला होता. कडी लागली, टाकी बसली, मगच बिल निघालं. (ठेकेदाराचे फोन अर्थातच साहेबांना.)

खरी मेख पुढे आहे. 74व्या घटनादुरुस्तीने शहरांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आपल्या महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या. नगरपंचायतीत 17 प्रभाग, प्रत्येकी एक सदस्य, म्हणजे 9 बायका. पण आरक्षण चक्रानुक्रमे फिरतं. प्रभाग सर्वसाधारण, म्हणजे सगळ्यांना खुला, झाला तर बाईने उभं राहायला कायद्याची आडकाठी नसते. ती पक्षाची असते. "वहिनी, या वेळी जागा मोकळी आहे, साहेबांना देऊ." जिला अंदाजपत्रक वाचता येऊ लागलं ती घरी, आणि शेजारच्या प्रभागात पुन्हा पहिलीपासून सुरुवात. नवरे का बघतात म्हणून विचारणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी विचारलं नाही, की या बायकांना दुसऱ्यांदा तिकीट का मिळत नाही.

बिल अडवणाऱ्या बाईंचा प्रभागही सर्वसाधारण झाला. साहेब उभे राहिले, निवडून आले. त्यांच्या प्रचारपत्रकावर केलेल्या कामांच्या यादीत ते स्वच्छतागृह होतं.