आठव्या फेरीचा हिशोब

प्रशिक्षण वर्गात मी एक खेळ नेहमी घेतो. तिघांपैकी एकाला चार मतं, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. प्रत्येक फेरीत ९० गुण. नऊपैकी किमान पाच मतं जमवणाऱ्या जोडीने ते आपसांत वाटून घ्यायचे, उरलेल्याला शून्य. शेवटी ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

मेख अशी की कुठलेही दोघं एकत्र आले की बहुमत होतंच. शॅप्ली आणि शुबिक या अभ्यासकांचा १९५४ चा निर्देशांक कुणाचं मत किती वेळा निर्णायक ठरतं ते मोजतो; त्याने मोजलं तर तिघांची ताकद सारखीच भरते. पण हातात चार मतं असली की माणसाला हे पटत नाही. विनाके आणि आर्कॉफ या मानसशास्त्रज्ञांच्या १९५७ च्या प्रयोगातही बळ ४-३-२ होतं, आणि सर्वाधिक वेळा दुबळे दोघंच एक झाले.

किती फेऱ्या होणार हे मी एरवी सांगत नाही. त्या दिवशी बोलता बोलता ‘आठ’ म्हणून बसलो.

चार मतंवाल्यांनी पहिल्याच फेरीत ६० मागितले. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ४५-४५ करून मोकळे झाले. दुसऱ्या फेरीपासून दोन मतंवाल्या बाईंनी आपणहून जोडीदाराला ५० दिले, स्वतः ४० घेतले. मला वाटलं, भिडस्त आहेत. तीनवाल्यांना फोडायचं तर चारवाल्यांना आता ५० च्या वर द्यावे लागणार होते, आणि चार मतं असून ४० च्या आत घ्यायला ते तयार नव्हते. शून्य चाललं, पण मान तुकवणं नाही! सहा फेऱ्या असंच चाललं.

आठव्या फेरीला तीनवाले चारवाल्यांकडे गेले. सातव्या फेरीअखेर ३४५ विरुद्ध २८५, म्हणजे तशी जीत खिशातच, तरी म्हणाले, “४५ देतो.”

“नको. बाईंना शब्द दिलाय. २५ वर.”

६५ बाईंना. ३५० विरुद्ध ३४५.

बाईंचा कागद मी मागून घेतला. दुसऱ्या फेरीसमोरच बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दहा गुणिले सहा, साठ. शेवटी ६५ हवेत.’

तीनवाले चिडले होते. “मी वीस जास्त देत होतो, साहेब!”

“तुम्ही आत्ता आलात,” चारवाले म्हणाले. “बाई पाचव्या फेरीपासून माझ्याशी बोलतायत.”