आमची वाटचाल : हंसाच्या बोटींपासून कॅटमरानपर्यंत

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये फायबरचं काम सुरू केलं तेव्हा होडी हा विषय आमच्या डोक्यातही नव्हता. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, टेम्पोचे बंपर, असली कामं. कारागिरीला मी आणि मामा, हिशेबाला बायको. मामा नात्यातले नव्हेत. त्या दिवशीची हवा बघून रेझिनमध्ये, म्हणजे फायबर घडवणाऱ्या चिकट द्रवात, तो कडक करणारा हार्डनर किती टाकायचा ते सांगणारा आमचा पहिला माणूस. पुढे प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या आणि आमच्या टाक्यांना गिऱ्हाईक उरलं नाही. मग बागांतल्या तळ्यांसाठी हंसाच्या पेडल बोटी करू लागलो. तेवढ्यावरून कोणीतरी आमचं नाव नौदलातून निवृत्त झालेल्या एका साहेबांना सांगितलं.

ते ट्रेलरवर १६ फुटी शिडाची कॅटमरान घेऊन आले. दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बंद पोकळ भाग, त्यांना जोडणारे अ‍ॅल्युमिनियमचे आडवे पाइप, वर ताणलेलं कापड. कॅटमरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. बोट जुनी होती आणि डाव्या हलमध्ये पाणी शिरत होतं. धरणात तासभर फिरवून आणली की मागच्या बुचातून बादलीभर पाणी निघायचं.

तळाला वीतभर चीर दिसत होती. तिथे सँडपेपर मारला, पॉलिएस्टर रेझिनमध्ये मॅटचे, म्हणजे काचेच्या सुट्या धाग्यांच्या चादरीचे, दोन थर दिले, वर जेलकोटचा गुळगुळीत थर, पॉलिश. पुढच्या पाइपच्या पायाजवळ, वरच्या बाजूला, एक बारीक भोक होतं. तेही पुट्टीने बुजवलं. चार दिवसांत बोट दिली. दोन आठवड्यांनी ती परत आली, या वेळी दीड बादली पाणी घेऊन.

साहेब चिडले नाहीत. त्या भोकावर बोट ठेवून एवढंच विचारलं, “हे कोणी बंद केलं?”

ते भोक मुद्दाम ठेवलेलं होतं. उन्हात हल तापतो, आतली हवा फुगते आणि भोकातून बाहेर पडते. गार पाण्यात गेल्यावर हवा आकसते, तेव्हा तिथूनच पुन्हा आत येते. भोक बुजवलं की हल जिथे फट असेल तिथून पाणी ओढून घेतो. म्हणजे गळती आम्हीच वाढवून ठेवली होती. मी पैसे परत करायला काढले. साहेब म्हणाले, “पैसे राहू द्या, गळती शोधा.”

कॉम्प्रेसर शेडमध्ये होताच, पण तो लावू नका असं साहेबांनी बजावलं. एक पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला एक पाउंड, दाब ऐकायला काहीच नाही, पण तो चौरस मीटरला सुमारे ७०० किलो होतो. डेक आणि हलचा जोड उकलून आला असता. मामा म्हणाले, “पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो. आपण पाणी ट्यूबवर टाकू.” ते भोक तेवढ्यापुरतं चिकटपट्टीने झाकलं, बुचाच्या जागी रबरी नळी बसवली आणि मामा तोंडाने फुंकत राहिले. मी ब्रशने साबणाचं पाणी लावत गेलो. तळाच्या चिरेवर एकही बुडबुडा नाही! सुकाणूच्या खालच्या बिजागरीच्या दोन स्क्रूंभोवती मात्र फेस आला, आणि पुढच्या पाइपच्या पायाखाली डेकच्या जोडावर हातभर लांब बारीक बुडबुड्यांची रांग उठली. ती रांग मला आजही डोळ्यांसमोर दिसते.

मग घाई केली नाही. नाण्याने ठोकत गेलो. टणक आवाज येता येता जिथे बद्द झाला तिथे फायबरच्या थरांमधला फोम ओला होता. ती जागा उघडून पंखा आणि बल्ब लावून दहा दिवस वाळवली. कड ग्राइंडरने उतरती केली, एक मिलिमीटर जाडीला बारा मिलिमीटर उतार, कारण उभ्या कडेवर बसवलेलं ठिगळ पुन्हा सुटतं. या वेळी पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी हे दुसरं रेझिन वापरलं. त्यात आमची नेहमीची मॅट चालत नाही. तिचे धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. म्हणून विणलेलं ग्लास कापड आणलं. पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय दुसरा थर द्यायचा नाही, हे आम्ही एक थर वाया घालवून शिकलो. स्क्रूंची भोकं इपॉक्सीने भरून पुन्हा पाडली आणि स्क्रू सीलंटमध्ये बसवले.

त्या कामात आम्हाला नफा झाला नाही, पण पुढची तीन गिऱ्हाइकं साहेबांनीच पाठवली. आज आमच्याकडे सहा माणसं आहेत. पेडल बोटी अजूनही करतो, पण निम्मं काम दुरुस्तीचं आहे. बोट आली की आधी नळी आणि साबण, त्यानंतर कोटेशन. गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी हा क्रम मी बदलत नाही. मामांना आता दम लागतो, म्हणून फुंकायला मुलगा असतो. मामा खुर्ची टाकून बाजूला बसतात आणि बुडबुडा दिसला की खडूने गोल काढायला सांगतात.