तपासणी आधी नवऱ्याची का?

मूल होत नाही म्हणून दवाखान्यात बहुतेकदा सून आणि सासू येतात, नवरा नसतोच. मी त्याची वीर्यतपासणी लिहून दिली की विचारणा ठरलेली: "डॉक्टर, तो तर धडधाकट आहे. आधी हिचंच बघा ना!" तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीला. शिवाय सगळ्या तपासण्यांत ही सोपी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, झालं. उलट बाईच्या नळ्या उघड्या आहेत का हे बघायला गर्भपिशवीतून औषध सोडून एक्स-रे काढतात, तो दुखतो. पोटात दुर्बीण घालून बघायचं तर भूल लागते. दोनदा दुर्बीण झालेल्या बायका मी पाहिल्यात, फाइलमध्ये नवऱ्याचा एक कागद नाही. हा अन्याय आहे.

आणि धडधाकट म्हणजे काय? संबंध व्यवस्थित असतील, वीर्य नेहमीसारखं दिसत असेल, तरी त्यात शुक्राणू शून्य असू शकतात. कारण वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो, अंडकोशातून नाही. शुक्राणू बनायला शरीरापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो. अंडकोशाच्या शिरा फुगल्या, लहानपणी अंडकोश खाली उतरलेच नाहीत, वयात आल्यावर गालगुंड होऊन ते सुजले, तर संख्या घसरू शकते. सर्वांत वाईट मला जिममधल्या पोरांचं वाटतं. अंग कमवायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू अंडकोशाला काम सांगायचं थांबवतो आणि शुक्राणू बनणं बंद पडतं. इंजेक्शनं सोडल्यावर बहुतेकांचं पुन्हा सुरू होतं, पण त्यात महिनोन्‌महिने जातात.

एक रिपोर्ट खराब आला म्हणून मात्र हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीचा जोराचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो. पुन्हा तपासायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेली शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख आहे. ती ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले, अशाच पुरुषांवरून काढलेली. त्यांतल्याही शंभरात पाच जणांचा आकडा याहून कमी होता. शून्य आला तरी कधी कधी अंडकोशात सुई घालून शुक्राणू मिळतात आणि एकेक शुक्राणू बायकोच्या एकेका बीजात टोचता येतो.

सुनेच्याही तपासण्या करायच्याच. पीसीओएसमुळे, म्हणजे हार्मोनच्या बिघाडामुळे, बीज वेळेवर फुटत नसेल, क्षयाने नळ्या बंद झाल्या असतील. आपल्याकडे हे दुसरं कारण बऱ्यापैकी दिसतं. तिचं वय पस्तिशीपुढे असेल तर वर्षभर वाट न बघता सहा महिन्यांतच या, आणि येताना त्याला घेऊन या.